आज्ञा आणि सहपत्र

संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली आपण सर्वजण रोज वापरतो. पडद्यावरील एखाद्या चित्रावर बोट ठेवावे आणि काम व्हावे, अशी ती रीत आहे. दुसरी रीत जुनी आहे. तीत चित्र नसते, केवळ एक ओळ असते. त्या ओळीत आपण आज्ञा लिहावयाची आणि संगणकाने ती पाळावयाची. ही ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा जो प्रोग्राम असतो त्याला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. संगणकाचा गाभा आणि माणूस यांच्यामध्ये ते असते म्हणून हे नाव. फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास ते प्रथम वापरले.

शेलला द्यावयाच्या आज्ञा दुसऱ्या एखाद्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममधून सुलभपणे कशा देता याव्यात, या प्रश्नाविषयी मी आज आपल्याशी चार शब्द बोलणार आहे. विषय वरवर तांत्रिक आहे. मी स्वतः अभियंता नाही. एम. ए. होऊन शासकीय सेवेत आलेला आणि गरजेपोटी संगणकाची भाषा शिकलेला एक अधिकारी आहे. परंतु ज्याचे आयुष्य आज्ञा लिहिण्यात, पाळण्यात आणि पाळल्या गेल्या की नाही हे पाहण्यात गेले, त्याला हा विषय फार ओळखीचा वाटतो.

थोडा इतिहास पाहिल्यावाचून प्रश्न कळावयाचा नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची रचना आरंभिली. एकेका साधनाने एकच काम करावे आणि ते चोख करावे, ही या प्रणालीची दृष्टी होती. एक साधन ओळी मोजते, दुसरे शब्द शोधते, तिसरे नावांचा क्रम लावते. डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ साली ही साधने एकमेकांना जोडणारी ‘नळी’ तीत आली. पहिल्याच्या तोंडून निघालेला मजकूर दुसऱ्याच्या कानात जावा, अशी ही सोय. पुढे १९७९ साली स्टीफन बोर्न यांचे शेल प्रसिद्ध झाले. आज लिनक्स चालणाऱ्या असंख्य यंत्रांवर त्याच परंपरेतील शेल काम करीत असते.

नळीने जोडलेली चार साधने एका ओळीत जे काम करतात, त्याला दुसऱ्या भाषांत पानभर मजकूर लागावा. मग शेल सोडून दुसरीकडे जावेच कशाला? कारण असे की, शेलमध्ये लहान काम सोपे असले तरी मोठे काम लवकरच अवघड होऊन बसते. हिशेब, याद्या, कोष्टके, निरनिराळ्या अटी हे सर्व आले की शेलची भाषा दुर्बोध होऊ लागते. म्हणून १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल आणि १९९१ साली गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन या भाषा लोकांपुढे आणल्या. यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. त्या वाचावयास सोप्या आणि विचार मांडावयास ऐसपैस आहेत. परंतु पीडीएफची पाने मोजणे, चित्रांचा आकार लहान करणे, फाइलींची गाठोडी बांधणे ही कामे करणारी कसलेली साधने तर शेलच्या दारी आधीपासूनच उभी आहेत. ती पुन्हा कोण घडविणार? तेव्हा पायथनमध्ये विचार करावा आणि मध्येच एखादे काम शेलच्या साधनाकडे सोपवावे, अशी गरज पदोपदी भासते. येथे एक भाषा दुसऱ्या भाषेला निरोप पाठवते, आणि निरोप म्हटला की तो बिघडण्याची भीती आलीच.

ही भीती मला पुस्तकातून कळली नाही. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या अर्जांचे काम माझ्याकडे होते. खिडकीवर आलेला प्रत्येक अर्ज स्कॅन होऊन संगणकावरील ‘अर्ज’ या नावाच्या फोल्डरमध्ये जाई. निर्णय झालेले अर्ज दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविले जात, आणि त्यांची प्रत जिल्ह्याच्या अभिलेखात पोहोचली की हे दुसरे फोल्डर महिनाअखेरीस काढून टाकावयाचे असे. हे काढण्याचे काम रात्री आपोआप व्हावे म्हणून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्यात मी ‘आर-एम’ ही शेलची काढून टाकण्याची आज्ञा, आतील सर्व काही काढावे ही तिची खूण, आणि त्यापुढे फोल्डरचे नाव, असे तिन्ही तुकडे जोडून एक ओळ तयार करीत असे आणि ती शेलच्या हवाली करीत असे. सात महिने हे सुरळीत चालले. त्या फोल्डरच्या नावात ‘अर्ज’ आणि ‘निकाली’ या दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह होते.

आठव्या महिन्यात नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने ते फोल्डर पुन्हा तयार केले आणि नाव दिले ‘अर्ज निकाली’. मध्ये संयोगचिन्ह नव्हते. आपण मराठी लिहिताना दोन शब्दांत जशी मोकळी जागा सोडतो, तशी त्याने सोडली. यात त्याचे काय चुकले? काहीच नाही. परंतु शेल मोकळ्या जागेपाशी ओळ तोडते. तिला एका फोल्डरचे नाव दिसले नाही. दोन वस्तू काढावयाच्या आहेत, एक ‘अर्ज’ आणि दुसरी ‘निकाली’, असा अर्थ तिने लावला. ‘निकाली’ नावाचे काहीच नव्हते. ‘अर्ज’ मात्र होते. त्यात ज्यांचा निर्णय व्हावयाचा होता असे सर्व अर्ज होते. ते गेले.

आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर होती. ‘निकाली नावाची वस्तू सापडली नाही’ अशी तक्रार त्या आज्ञेने केली होती, आणि काम नीट झाले नाही हे सांगणारा आकडाही परत पाठविला होता. परंतु रात्री दोन वाजता पडद्यासमोर कोणी नव्हते, आणि तो आकडा पाहावा असे मी प्रोग्रामला सांगितलेच नव्हते. त्याने आपल्या नोंदवहीत नेहमीप्रमाणे लिहिले, ‘काम पूर्ण’. शासकीय सेवेत चुकीला क्षमा असू शकते. खोट्या नोंदीला ती नसते, आणि ही खोटी नोंद माझ्या हातची होती.

आधीच्या शनिवारपर्यंतची राखीव प्रत होती, म्हणून बहुतेक अर्ज परत मिळाले. मधल्या चार दिवसांचे अर्ज कागदांच्या गठ्ठ्यांतून पुन्हा स्कॅन करावे लागले. ते होईपर्यंत एक बाई आपल्या अर्जाची चौकशी करावयास दुसऱ्यांदा आल्या. खिडकीवरील लेखनिकाने संगणकात पाहिले आणि असा अर्ज आलेलाच नाही असे त्यांना सांगितले. त्या माझ्यासमोर येऊन एवढेच म्हणाल्या, “साहेब, अर्ज मी माझ्या हातांनी दिला. दोन एस.टी. बदलून आले होते मी.” त्यांचे म्हणणे खरे होते. माझा प्रोग्राम खोटे बोलत होता.

त्या दिवशी मला कचेरीतील एक साधा नियम आठवला. आदेश वेगळा असतो आणि त्याला जोडलेले सहपत्र वेगळे असते. सहपत्रात काहीही लिहिलेले असो, त्यातील एखादे वाक्य उचलून कोणी ते आदेशाचे वाक्य म्हणून अमलात आणीत नाही. मी मात्र आदेश आणि सहपत्र एकाच कागदावर सलग लिहून काढले होते, आणि वाचणाऱ्याने ते दोन्ही मिळून एकच आदेश समजून वाचले. शेलला मोकळ्या जागेतच काय, तारकाचिन्हात, डॉलरच्या चिन्हात, अर्धविरामातही अर्थ दिसतो. अर्धविराम म्हणजे तिच्या लेखी एक आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली. फाइलीच्या नावात कोणी दुष्ट बुद्धीने अर्धविराम घालून त्यापुढे आज्ञा लिहिली, तर ती आपल्याच अधिकाराने पाळली जाईल. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य मूल्याचे अक्षर एवढी दोनच चिन्हे वर्ज्य आहेत. बाकी सर्व चालते.

असे अपघात मोठमोठ्यांच्या हातूनही झाले आहेत. २००१च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने आयट्यून्सची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. ती बसविणाऱ्या प्रोग्राममध्ये नावाभोवती अवतरणचिन्हे घालावयाची राहिली होती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती अशा काही लोकांचा साठा त्यामुळे पुसला गेला, आणि ॲपलला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०१५च्या जानेवारीत लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या प्रोग्राममधील दोष उजेडात आला. तेथे अवतरणचिन्हे होती, परंतु त्यांच्यातील नावच काही प्रसंगी रिकामे राहत होते. ‘अमुक फोल्डरमधील सर्व काही काढा’ या आज्ञेतून ‘अमुक’ गळले की उरते काय, याची कल्पना आपण करू शकाल.

आता उपाय पाहू. युनिक्सच्या गाभ्याला मुळी ओळ समजतच नाही. त्याला समजते ती यादी: पहिला शब्द साधनाचे नाव, पुढचे शब्द त्याला द्यावयाच्या वस्तू. ओळ तोडून यादी करण्याचे काम फक्त शेल करते. मग पायथनने शेलला मध्ये न घेता ही यादी थेट गाभ्याकडे दिली, तर तोडातोडीचा प्रश्नच उरत नाही. ‘अर्ज निकाली’ हे यादीतील एक पद राहते, त्यात जागा असो की अर्धविराम असो. विंडोजवर प्रकार निराळा आहे. तेथे प्रत्येक प्रोग्रामला एकच ओळ मिळते आणि ती ज्याची त्याने तोडावयाची असते. म्हणून तेथे अधिक जपावे लागते.

यादी देण्याची ही सोय पायथनमध्ये नवी नाही. ‘सबप्रोसेस’ नावाचा विभाग २००४ सालापासून त्या भाषेत आहे. त्यापूर्वी आज्ञा चालविण्याची चारपाच निरनिराळी दारे होती. ती एका ठिकाणी आणावीत या हेतूने तो रचला गेला, आणि २०१५ साली त्यात ‘रन’ नावाची सुटसुटीत रीत आली. मी माझा प्रोग्राम लिहिला तेव्हा ही सोय माझ्या हाताशी होती. तरीही मी ओळच का जोडली?

याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर असे आहे, की ओळ जोडणे सोपे होते. शेलमध्ये दोन साधने नळीने जोडावयास एक उभी रेघ पुरते. तेच यादीच्या मार्गाने करावयाचे तर दोन प्रक्रिया वेगवेगळ्या सुरू कराव्यात, एकीचे तोंड दुसरीच्या कानाला जोडावे, नको असलेली टोके मिटावीत, दोघी संपेपर्यंत थांबावे, अशी आठदहा ओळींची खटपट होते. त्यातही एक खाच आहे. लिनक्सवरील नळीत एरवी ६५,५३६ बाइट एवढाच मजकूर मावतो. वाचणारा नुसता थांबून राहिला आणि लिहिणाऱ्याची नळी भरली, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे उभे राहतात. सायंकाळी सहा वाजता, दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस या खटपटीत पडत नाही. तो ओळ जोडतो आणि घरी जातो.

याला माणसाचा आळस म्हणून मोकळे होता येणार नाही. ज्या कचेरीत योग्य मार्गाने अर्ज करावयास सात सह्या लागतात आणि आडमार्गाने एकच लागते, तेथे लोक आडमार्गाने जाऊ लागले तर दोष रचनेकडे जातो. म्हणून ‘शेलच्या आज्ञा सुलभपणे चालविणे’ हा प्रश्न केवळ सोयीचा नाही असे मी मानतो. सुरक्षित मार्ग हाच सर्वांत आखूड मार्ग असावा, एवढीच त्यातील खरी मागणी आहे.

या मागणीला अलीकडे चांगले प्रतिसाद मिळाले आहेत. २०१२ साली लोकांपुढे आलेल्या ज्युलिया या भाषेत आज्ञा लिहावयाची ती शेलसारखीच, एका सलग ओळीत. परंतु ती ओळ शेलकडे जातच नाही. भाषा स्वतःच तिची यादी करते, आणि मध्ये घातलेले नाव, त्यात कितीही मोकळ्या जागा असल्या तरी, एकच पद म्हणून ठेवते. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ साली जावास्क्रिप्टसाठी प्रसिद्ध केलेल्या ‘झेडएक्स’ या साधनात आज्ञा शेलकडेच जाते, मात्र मध्ये घातलेल्या प्रत्येक नावाभोवतीची अवतरणचिन्हे ते साधन आपण होऊन घालते. पायथनमध्ये ‘एसएच’ आणि ‘प्लंबम’ यांसारखी साधने शेलच्या आज्ञांना भाषेतील नेहमीच्या क्रियांचे रूप देतात. आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथनच्या ३.१४ या आवृत्तीत अशा प्रकारचा साचा आला आहे, की ज्यात कायम मजकूर आणि मध्ये भरलेली नावे एकमेकांत विरघळून जात नाहीत, शेवटपर्यंत वेगळी ओळखू येतात. त्यावर आधारून आज्ञा चालविणारी साधने रचता येतात. माझ्या भाषेत सांगावयाचे तर, आदेश आणि सहपत्र एकाच लिफाफ्यात जातात, परंतु टाचणीने जोडलेले आणि वेगवेगळे.

दुसरी बाजू आहे ती खोट्या नोंदीची. युनिक्समधील प्रत्येक प्रोग्राम संपताना ० ते २५५ यांपैकी एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे काम झाले. बाकीचे आकडे अडचणीचे. आज्ञाच सापडली नाही तर शेल १२७ हा आकडा देते. नळीने जोडलेल्या साधनांच्या बाबतीत शेल एरवी फक्त शेवटच्या साधनाचा आकडा सांगते. पहिली तिघे कोसळली आणि चौथ्याने रिकाम्या मजकुराची चोख मोजणी केली, तर निकाल शून्य, म्हणजे उत्तम! खालच्या टेबलांवर काय झाले हे न पाहता शेवटच्या सहीवर फाइल बंद करण्यासारखे हे आहे.

चांगली साधने या ठिकाणी आपली मूळ वृत्ती बदलतात. ज्युलियाची ‘रन’ ही रीत आणि झेडएक्स, दोन्ही अपयश आले की तेथेच थांबतात आणि ओरडून सांगतात. पायथनच्या ‘रन’ला मात्र ‘तपासा’ असे आपण स्पष्ट सांगावे लागते. तथापि येथेही तारतम्य हवे. शब्द शोधणारे ‘ग्रेप’ हे साधन शब्द सापडला नाही तर १ हा आकडा देते आणि खरीच चूक झाली तर २. ‘सापडला नाही’ हे उत्तर आहे, ती चूक नव्हे. म्हणून सुलभ साधनाने अपयश कधीही लपवू नये, परंतु अपयश कशाला म्हणावयाचे हे ठरविण्याची मोकळीक लिहिणाऱ्याला ठेवावी.

एवढे सर्व झाले तरी सावधपणाची गरज संपत नाही. फाइलीचे नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल, तर यादीतून बिनचूक पोहोचूनही समोरचे साधन त्याला नाव न समजता सूचना समजेल. त्यासाठी ‘येथून पुढे फक्त नावे आहेत’ असे सांगणारी दोन आडव्या रेघांची खूण बहुतेक साधनांत ठेवलेली आहे. ती वापरण्याची सवय लावून घ्यावी. याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ही आज्ञा बाहेर पाठवावयाची गरज आहे काय? फोल्डर काढणे, फाइल हलविणे, नाव बदलणे ही कामे पायथनला स्वतःला येतात. माझ्या त्या प्रोग्रामला शेलकडे जाण्याचे कारणच नव्हते. मी सवयीने गेलो होतो.

त्या घटनेनंतर मी तो प्रोग्राम पुन्हा लिहिला. फोल्डर काढण्याचे काम आता तो स्वतः करतो. पाने मोजण्यासाठी बाहेरचे साधन बोलावतो ते यादी देऊन, आणि प्रत्येक वेळी परत आलेला आकडा पाहतो. त्या सहकाऱ्याला मी फोल्डरच्या नावात मोकळी जागा न ठेवण्याविषयी काही सांगितले नाही. मराठीत दोन शब्द लिहिताना मध्ये जागा सोडावी हे त्याला शाळेत शिकविले होते. संगणकाच्या सोयीसाठी ते विसरावे असे त्याला सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

त्या बाईंचा अर्ज पुढे यथावकाश मंजूर झाला. त्यांची वाया गेलेली खेप मात्र आम्हांला परत देता आली नाही. नवा प्रोग्राम सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात, एका सकाळी, मी नोंदवही उघडली. तीत लिहिले होते, ‘काम झाले नाही. फोल्डर सापडले नाही.’ कोणीतरी ते आधीच हातांनी काढून टाकले होते. काम तर अडले होते, तरीही ती ओळ वाचून मला बरे वाटले. नोंद खरी होती.